ताईसाठी निवडलेलं बेट

बेट निवडताना लोक पाण्याचा रंग बघतात. मी आधी डायलिसिसचं मशीन कुठे आहे ते बघितलं आणि मग त्याच्या आसपास समुद्र शोधला.

डोंबिवली पूर्वेला माझं सहलींच्या बुकिंगचं छोटं ऑफिस आहे. बरीच वर्षं हेच काम करत असल्यामुळे रिसॉर्टचे फोटो मला वाचता येतात. 'सी व्ह्यू' म्हणजे बाल्कनीच्या कोपऱ्यात उभं राहून मान वाकडी केली की दिसणारा समुद्र. 'बीचपासून दोन मिनिटं' म्हणजे मॅनेजर धावत गेला तर दोन मिनिटं. निळं पाणी थेट पायरीला लागलेलं दिसत असेल तर फोटो भरतीचा असतो. ओहोटीला तिथे काय उरतं, हे फोन करून विचारावं लागतं.

माझी थोरली बहीण शैला ठाण्याला नौपाड्यात एकटी राहायची. तिने लग्न केलं नाही. विमा कंपनीतून रिटायर झाली आणि वर्षभरात तिच्या किडन्या गेल्या. मग आठवड्यातून तीनदा डायलिसिस, अशी चार वर्षं गेली. गेल्याच्या आदल्या वर्षी दिवाळीनंतर मशीनवर असताना तिचं बीपी कोसळायला लागलं. सुया टोचण्यासाठी हातात ऑपरेशन करून तयार केलेली नस दोनदा बंद पडली, म्हणून मानेत नळी घातली. हृदय थकलंय, दुसरी किडनी बसवणं झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

एकदा तिला सेंटरवरून घरी आणून सोडलं, तेव्हा चपला काढता काढता ती म्हणाली, "मिनू, मी हे बंद करायचं म्हणतेय."

"काय बंद?"

"मशीन. डॉक्टरांशी बोललेय मी. बंद करता येतं. शेवटी त्रास होऊ नये म्हणून औषधं देतात."

मी भांडले नाही. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाशी भांडून उपयोग नसतो, त्याच्यापुढे दुसरं काहीतरी ठेवावं लागतं. म्हटलं, "त्याआधी कुठेतरी जाऊन येऊ."

"कुठे? गणपतीपुळ्याला?"

"तू म्हणशील तिथे."

ती माझ्या ऑफिसात यायची तेव्हा कोपऱ्यात बसून बेटांची माहितीपत्रकं चाळायची. मला वाटायचं वेळ घालवतेय. पण तिचं उत्तर तयार होतं. "खाटेवरून उठलं की पुढ्यात समुद्र, असं ठिकाण बघ. आणि चांगलं बघ, महागातलं. तू लोकांच्या गळ्यात बांधतेस ते नको."

"आणि परत आल्यावर?"

"आल्यावर बघू."

तो 'बघू' मी पकडून ठेवला. ठिकाण इतकं सुंदर शोधायचं, की तिला तिथे पुन्हा जावंसं वाटलं पाहिजे. पुन्हा जायचं तर जगावं लागेल, आणि जगायचं तर मशीनवर बसावं लागेल. मी निघाले ती एवढंच डोक्यात ठेवून.

मालदीव मी लगेच खोडलं. पाण्यावरच्या त्या खोल्यांपासून हॉस्पिटलला न्यायला विमान किंवा स्पीडबोट, आणि दोन्ही अंधार पडला की भरवशाचं नाही. मॉरिशसचा प्रवास तिच्या बीपीला लांब पडला असता. लक्षद्वीपला मशीनची खात्री कोणी देईना. राहिलं अंदमान. पोर्ट ब्लेअरला एका हॉस्पिटलने, आधी सगळे रिपोर्ट पाठवले तर बाहेरचा पेशंट घेऊ, असं कळवलं. तिथून हॅवलॉक बेट बोटीने दोनेक तासांवर. पोर्ट ब्लेअरला डायलिसिस करायचं, दुसऱ्या दिवशी बेटावर जायचं, दोन रात्री राहायचं आणि पुढच्या डायलिसिसला परत यायचं. एवढंच जमणार होतं.

बेटावरची तीन महागडी रिसॉर्ट निवडून मी तिघांनाही तेच प्रश्न विचारले. खोलीपर्यंत पायऱ्या किती? बाथरूमचा उंबरा केवढा? भाज्या उकळून ते पाणी टाकून देऊन पुन्हा शिजवाल का? पहिलं टेकडीवर होतं. दुसरं पूर्व किनाऱ्यावर. तिथे ओहोटीला समुद्र लांब जातो आणि समोर नुसते दगड आणि चिखल राहतो, ठाण्याच्या खाडीसारखा. तिसऱ्या ठिकाणच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "थांबा, मी जाऊन बघून येते," आणि खरंच बघून येऊन फोन केला. एकही पायरी नाही, आणि बाथरूमच्या उंबऱ्याला फळी लावून देतो म्हणाल्या. मी तिथेच बुकिंग केलं.

बुकिंग करताना 'प्रसंग' असा एक रकाना असतो. तो मी कधीच रिकामा सोडत नसे. हनिमून, लग्नाचा वाढदिवस, नाहीतर नुसता वाढदिवस, खरा असो वा नसो. त्यामुळे खोली वरच्या दर्जाची मिळते, पलंगावर फुलं, एखादा केक. मी पाठवलेली काही जोडपी आजवर पाच-पाच वेळा हनिमूनला जाऊन आली आहेत. हाताला सवयच आहे. ताईचा वाढदिवस श्रावणात असतो. मी एप्रिल टाकला आणि विसरून गेले.

निघण्याआधीच्या डायलिसिसला ताईच्या शेजारच्या पलंगावर नेहमीप्रमाणे दिवा स्टेशनजवळ राहणाऱ्या मंदाताई होत्या. त्यांच्या चाळीत पाणी टँकरने येतं. "घरी टँकरमागे कळशी घेऊन पळायचं आणि इथे येऊन अंगातलं पाणी काढून द्यायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अंदमान ऐकल्यावर म्हणाल्या, "बाई गं, चारी बाजूंनी पाणीच. जिभेला कुलूप लावून जा."

हे मस्करीत असलं तरी खरं होतं. डायलिसिसच्या माणसाला दिवसाला जेमतेम लिटरभर पाणी चालतं. चहा, आमटी, गोळ्या गिळायचा घोट, सगळं त्यातच. ताईने स्टीलच्या बाटलीवर नेलपॉलिशने रेघा मारल्या होत्या, नाश्त्यापर्यंत इतकं, जेवणापर्यंत इतकं. फळांचीही बंधनं, आणि शहाळं तर साफ वर्ज्य. त्यात पोटॅशियम इतकं असतं, की किडनी बंद असलेल्या माणसाचं हृदय थांबू शकतं. आणि आपल्याकडे आजाऱ्याला बघायला जायचं म्हणजे हातात शहाळं हवंच. आजार कळला तेव्हा सोसायटीतल्या लोकांनी इतकी शहाळी आणली, की वॉचमनची तब्येत सुधारली.

पोर्ट ब्लेअर

घड्याळ आपलंच, पण सूर्य तिथला आहे. पहाटे पाचच्या आधीच लख्ख उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास अंधार पडायला लागतो. "हे काय, चहा प्यायच्या वेळेला रात्र," ताई म्हणाली. गाव चढउताराचं आहे, पत्र्याची छपरं, बंगाली आणि तमिळ पाट्या. सगळे एकमेकांशी हिंदीत बोलतात, आणि ती हिंदी आपल्यासारखीच मोडकी असल्यामुळे बरं वाटतं.

हॉस्पिटलमधलं युनिट छोटं पण स्वच्छ होतं. ठाण्याला तिच्या डोक्याशी कायम कोणाची तरी सिरियल चालू असते. इथे खिडकीतून नारळाची झाडं दिसत होती. तिचं बीपी एकदा उतरलं, त्यांनी सांभाळलं. बाहेर आल्यावर रिक्षावाल्याने विचारलं, सेल्युलर जेल बघायचं का, सगळे बघतात.

"नको," ताई म्हणाली. "आठवड्यातून तीनदा जाते मी."

रिक्षावाल्याला कळलं नाही. मला कळलं, पण मी बॅगा मोजत राहिले.

हॅवलॉक

बोटीत तिला उलटी झाली नाही. जेटीपासूनचा रस्ता सुपारीच्या बागांमधून आणि भातखाचरांमधून जातो. एका वळणावर ताई म्हणाली, "हे तर गुहागर." आमचं मूळ गाव गुहागरच्या बाजूचं. पण पुढे जंगल सुरू झालं आणि ते कोकणासारखं मुळीच नव्हतं. सरळसोट, चार मजल्यांएवढी झाडं अगदी वाळूपर्यंत आलेली. झाडी संपते तिथेच समुद्र सुरू होतो, मध्ये भेळवाला नाही की घोडागाडी नाही.

रिसॉर्टच्या उघड्या मंडपात गाडी थांबली आणि पाच-सहा जण गाणं म्हणायला लागले. शिंपल्यांची माळ ताईच्या गळ्यात पडली, नेमकी मानेतल्या नळीवर. मी ती उचलून धरली. मॅनेजरबाई पुढे आल्या. त्यांच्या हातातल्या तबकात एक मोठं शहाळं होतं, त्यावर चाकूने ताईचं नाव कोरलेलं, वर पेटती मेणबत्ती.

"हॅपी बर्थडे, शैला मॅडम."

ताईने माझ्याकडे बघितलं. "कोणाचा गं?"

"तुझा," मी हळूच म्हटलं. "बुकिंगमध्ये लिहावं लागतं."

"असं?"

किचनला मी पथ्याची लांबलचक सूचना पाठवली होती, पण हा स्वागताचा भाग किचनकडे नव्हता. मी मॅनेजरबाईंना हिंदीत सांगायला लागले, तेवढ्यात शेजारच्या वेताच्या खुर्चीतून आवाज आला, "मराठी का? आम्ही कल्याणचे, खडकपाडा. तुम्ही?"

साठी ओलांडलेले गृहस्थ होते, चौकडीची हाफ पँट घातलेले. बायको शेजारी टाळ्या वाजवत होती.

"ठाणं," ताई म्हणाली. "ही डोंबिवली."

"म्हणजे घरचेच. अहो, वाढदिवस ना? प्या की मग."

"त्यांना चालत नाही," मी म्हणाले. "किडनीचं आहे."

"शहाळं चालत नाही?" ते हसले. "वहिनी, शहाळ्याने कधी कोणाला काही झालंय का? माझ्या बायपासनंतर मी रोज एक प्यायचो. हे तर आजाऱ्याचंच. प्या हो ताई, बिनधास्त."

ताईने मेणबत्तीवर फुंकर मारली. मग शहाळ्यातली स्ट्रॉ काढून बाजूला ठेवली आणि शहाळं दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावलं. मी तिचं मनगट धरलं. तिने हात सोडवला नाही, फक्त पीत राहिली. गळा वर-खाली होत होता. हनुवटीवरून पाणी शिंपल्यांच्या माळेत गेलं. लोक टाळ्या वाजवत होते. शेवटचा थेंब संपल्यावर तिने ते मॅनेजरबाईंना परत दिलं आणि म्हणाली, "मलाई निकालके दो."

खोलीत गेल्या गेल्या मी पोटॅशियम उतरवणारी पावडर कालवून तिच्यापुढे धरली. ती मी नेहमी बरोबर ठेवायचे. तिने घेतली. मी नाडीवर बोट ठेवून बसले.

"मरायचंच असेल तर घरी मर," मी म्हणाले. "इथे परक्या गावात पोलिसांचे कागद कोण करत बसणार?"

ती हसली. खोकला येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "मरायला नाही गं प्याले. तहान लागली होती."

त्या रात्री काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या आधी उठून व्हरांड्यात बसलेली होती. खोली मी निवडली होती तशीच निघाली, फोटोपेक्षाही चांगली. व्हरांड्यापासून झाडांखालून एक सपाट पायवाट, पुढे वाळू आणि मग ते पाणी. त्याचा रंग सांगण्यात मी वेळ घालवत नाही. एवढं सांगते, की ताई त्यात घोट्यापर्यंत पाय बुडवून खुर्चीवर बसली, आणि लाटेबरोबर खुर्ची वाळूत रुतत गेली तरी उठेना.

जेवायला बाकीच्यांसाठी खेकडे, लॉबस्टर, नारळाच्या दुधातले मासे होते. ताईच्या ताटात दोनदा उकळलेला दुधीभोपळा, मिठाविना पांढरा भात आणि उकडलेल्या अंड्याचा नुसता पांढरा भाग. मुख्य आचारी बिस्वास म्हणून बंगाली गृहस्थ होते. ते स्वतः विचारायला आले, कसं झालंय? ताई म्हणाली, "चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी हे केळीच्या पानावर वाढलं. धन्यवाद." ते गेल्यावर माझ्याकडे वळली. "चव तीच. ओला पुठ्ठा."

कल्याणचे गृहस्थ आमच्या टेबलाशी आले. किडनीच्या आजारात शहाळं काय करतं, ते त्यांना आदल्या रात्री बायकोने फोनवर वाचून दाखवलं असावं. "ताई, मला माहीत नव्हतं हो," एवढंच म्हणाले आणि उभे राहिले. ताईने त्यांना खुर्ची दिली आणि दुपारभर त्यांच्याशी रमी खेळली. आपण जिंकू नये म्हणून ते केवढी धडपड करत होते, हे मला दिसत होतं. तिलाही दिसत होतं.

जेटी बंद

संध्याकाळी वारा सुटला. मॅनेजरबाई सांगायला आल्या, समुद्र खवळलाय, उद्याच्या सगळ्या बोटी रद्द आहेत. कमी दाबाचा पट्टा वगैरे काहीतरी होतं. एप्रिलमध्ये असं सहसा होत नाही. मी गिऱ्हाइकांना हेच सांगते, एप्रिलमध्ये सहसा होत नाही.

उद्या तिचं डायलिसिस होतं.

मी फोन लावत सुटले. आजाऱ्यांना नेणारं सरकारी हेलिकॉप्टर आहे, पण या वाऱ्यात उडणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताईचे पाय सुजून चपलेत जाईनात. आडवं झालं की धाप लागे, म्हणून पाठीमागे उशा रचून बसवली. बेटावरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला, तो बराच वेळ बघितला, इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, "उद्या बोट सुटलीच पाहिजे." माझ्याकडे बघून म्हणाल्या, समुद्राकडे नाही.

परत आलो. रिसॉर्टने त्या जास्तीच्या रात्री खोली तशीच ठेवली होती, पलंगावर पुन्हा फुलं पसरली होती. ती मी झाडून टाकली. वीज जात-येत होती. ताईला आत गुदमरायला होत होतं, म्हणून तिला व्हरांड्यात आणून शालीत गुंडाळून बसवलं. समोरचं निळं पाणी आता राखेच्या रंगाचं झालं होतं आणि मोठ्या आवाजात वाळूवर आदळत होतं.

"उद्या सकाळी मोठं सरकारी जहाज निघतं म्हणतायत," मी म्हणाले. "ते बारीकसारीक लाटांना दाद देत नाही."

"हं."

"पावसाळ्यानंतर पुन्हा येऊ. डिसेंबरात. तेव्हा समुद्र तळ्यासारखा असतो. हीच खोली धरून ठेवते."

ती थांबून थांबून बोलत होती. दोन शब्द, मग श्वास. "मिनू, तू कामात चोख आहेस. पण इथे चुकलीस."

"शहाळ्याचं म्हणतेस?"

"नाही गं. एखादं भिकार हॉटेल निवडलं असतंस. झुरळं असलेलं. मग मी म्हटलं असतं, छे, हे काय, पुन्हा एकदा नीट जाऊ." तिने शाल ओढून घेतली. "हे इतकं चांगलं निवडलंस. आता पुन्हा कशाला यायचं?"

पुढ्यात ठेवायला माझ्याकडे आणखी महागडं बेट नव्हतं.

"उद्या मशीनवर बसशील ना?" मी विचारलं.

"बसेन. तुला पोलिसांचे कागद करायला लागू नयेत म्हणून. घरी गेल्यावर मात्र नाही."

"घाबरतेस का?"

"धापेला घाबरते. डॉक्टर म्हणाले, तिच्यावर औषध आहे." मग म्हणाली, "तू भांडू नकोस. भांडलीस तर मी ऐकेन, आणि मला ऐकायचं नाहीये."

मी भांडले नाही. हे लिहिताना सोपं दिसतंय.

परत

जहाज सुटलं. ताई सगळा वेळ डेकवरच्या बाकावर माझ्या खांद्याला टेकून बसून होती आणि समोर एक माणूस तिला न विचारता कागदाने वारा घालत होता. ते कल्याणचे गृहस्थ. पोर्ट ब्लेअरला ते हॉस्पिटलच्या दारापर्यंत आले, ताईची बॅग खाली ठेवली आणि गेले. चार तासांच्या डायलिसिसनंतर तिचा चेहरा पुन्हा तिच्यासारखा दिसायला लागला. नर्स म्हणाली, बघा, किती फरक पडला. मी म्हटलं, हो.

नौपाड्याला आल्यावर ठरल्या दिवशी ती सेंटरवर गेली, पण मशीनवर बसायला नाही. मंदाताईंना शिंपल्यांची माळ द्यायला. मंदाताईंनी ती आपल्याही मानेतल्या नळीच्या वरून नीट घातली आणि म्हणाल्या, "जा बाई. मला अजून पोरीचं लग्न करायचंय, नाहीतर मीपण आले असते."

मी ऑफिस बंद ठेवून ताईकडे राहायला गेले. डॉक्टर घरी येऊन जायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आता पथ्य नाही, काय हवं ते द्या. मी स्टेशनजवळच्या गाडीवरून शहाळं आणलं. नेलपॉलिशच्या रेघांची ती बाटली सिंकखाली ठेवून दिली आणि शहाळं ग्लासात काढलं. ताईने दोन चमचे घेतले. पुढे जाईना.

"तिथलं गोड होतं," ती म्हणाली.

मे संपायच्या आत ती गेली. औषधं वेळेवर दिली होती, धाप लागली नाही.

या एप्रिलमध्ये माझ्या फोनवर रिसॉर्टचा मेसेज आला. शैला मॅडमना वाढदिवसाच्या शुभेच्छा, आमचा किनारा तुमची वाट बघतोय, सोबत सवलतीचा नंबर. तेव्हा माझ्या टेबलासमोर ठाकुर्लीचं एक जोडपं बसलं होतं, बेटावरचं चांगलं रिसॉर्ट शोधत. नवरा फोटो दाखवत होता, पायरीला लागलेलं निळं पाणी.

"हा भरतीचा फोटो आहे," मी म्हणाले आणि त्यांना ताईचं रिसॉर्ट दाखवलं.

"तुम्ही स्वतः गेलायत का इथे?" बायकोने विचारलं.

"गेलेय."

"कसं आहे?"

"फोटोपेक्षा चांगलं. पायऱ्या नाहीत. जेवण सांगाल तसं करून देतात. परतीच्या आधी एक दिवस मोकळा ठेवा, बोट बंद पडली तर हाताशी असावा. एप्रिलमध्येही पडते."

सवलतीचा नंबर मी त्यांच्या बुकिंगला लावला. वाया घालवण्यात अर्थ नव्हता. शेवटी प्रसंगाचा रकाना आला.

"काही विशेष आहे का?" मी विचारलं. "वाढदिवस वगैरे?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "नाही हो," ती म्हणाली. "सहज चाललोय."

मी रकान्यात 'सहज' लिहिलं आणि बुकिंग पाठवून दिलं.